चांगल्या प्लेयरचा मेंदू जास्त चालतो का कमी?

गंगाखेडचा एक पोरगा, सध्या नांदेडात बीएस्सीला आहे, त्यानं विचारलंय की ताई मी तीन वर्षं झाली बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम) खेळायलोय, रात्री दोन-तीनपर्यंत चालतं, रँक चांगली आहे, पण रूमवरचा मित्र म्हणायलाय की प्रो प्लेयरचा मेंदू आपल्यापेक्षा लई जास्त ॲक्टिव असतो आणि ते ईईजीत (डोक्याला तारा लावून मेंदूच्या विजेच्या लहरी टिपतात ती टेस्ट) दिसतं. डोक्याला लावायचा एक पट्टा ऑनलाइन मिळतो, तो मोबाईलवर फोकस किती टक्के आहे ते दाखवतो, तो घेऊ का? आणि तुमच्याकडं येऊन ईईजी काढला तर मी प्रो होईन का नाही ते कळेल का?

आधी उत्तर देऊन टाकते, मग कारणं. पट्टा घेऊ नको. ईईजीत प्रो-बिप्रो काही दिसत नाही. आणि मित्राचं म्हणणं बऱ्यापैकी उलटं आहे.

मी डॉक्टर नाही हे पण आधीच सांगते. ईईजी टेक्निशियन आहे, १९ वर्षं झाली, नांदेडच्या डॉक्टर लेनच्या आसपासच्या दोन-तीन दवाखान्यांत मिळून किती डोक्यांना तारा लावल्या त्याचा हिशोब नाही. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, रेकॉर्डिंग मी करते. त्यामुळं मेंदूच्या लहरी कशा दिसतात त्यापेक्षा कशा फसवतात हे मला जरा जास्त माहीत आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या फसवण्यातच आहे.

आता मित्राचं. मेंदू वजनाला शरीराच्या साधारण २ टक्के, पण बसल्या जागी एकूण एनर्जीतली २० टक्के तोच खातो. म्हणून लोकांना वाटतं हुशार माणूस म्हणजे हे मशीन फुल स्पीडवर. रिचर्ड हायर म्हणून एक संशोधक, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइनच्या कॅम्पसला, त्यांनी १९९२ साली हेच टेट्रिसवर, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायच्या गेमवर, बघितलं. ८ तरुण पोरं घेतली, टेट्रिस तेव्हा नवीन होतं आणि या पोरांनी ते आधी खेळलेलं नव्हतं. पेट स्कॅन केला, म्हणजे किंचित रेडिओॲक्टिव केलेली साखर शरीरात सोडायची आणि मेंदूचा कुठला भाग किती साखर ओढतो ते बघायचं. मग चार ते आठ आठवडे प्रॅक्टिस करायला लावली आणि परत स्कॅन. स्कोअर सातपटीपेक्षा जास्त वाढला होता, खेळाचा स्पीड पण वाढलेला, आणि मेंदूच्या वरच्या थरानं ओढलेली साखर मात्र कमी झाली होती. त्यातही गंमत अशी की ज्यांचा स्कोअर सगळ्यात जास्त सुधारला त्यांच्यात काही भागांतली साखर सगळ्यात जास्त उतरली. म्हणजे नवशिक्या असतानाच मेंदू जास्त जळत होता. हात बसला तसा तो गार पडत गेला.

हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, कारण मी मानवतकडची आहे आणि लहानपणी दिवाळीनंतर आईसोबत कापूस वेचायला जायची. पहिल्या वर्षी मी एकेक बोंड निरखून बघायची, कुठून धरायचं, टोकं बोटाला लागणार नाहीत ना, पाला सोबत येत नाही ना, आणि संध्याकाळपर्यंत डोकं असं दुखायचं की जेवण नको वाटायचं. आई मात्र ओटी बांधून दोन्ही हातांनी वेचायची, हात या झाडाच्या बोंडावर, नजर पुढच्या झाडावर, आणि तोंडानं शेजारच्या तासातल्या बाईशी कुणाच्या पोरीला स्थळ आलं त्याचा पूर्ण पंचनामा चालू. संध्याकाळी काट्यावर माझ्या तिप्पट कापूस भरायचा तिचा. मेंदू कुणाचा जास्त चालला? माझा. कापूस कुणाचा जास्त? तुझ्या गेममध्ये पण बघ, नवीन पोरगा रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बंदुकीला बसणारा झटका, सांभाळायलाच सगळं डोकं लावतो, आणि जो खरा खेळतो त्याचं बोट ते आपोआप करतं आणि त्याचं लक्ष झोन (मॅचमधली सुरक्षित जागा) कुठं सरकायला, पावलांचा आवाज कुठून यायला यावर मोकळं असतं.

नेमारचं पण असंच आहे, फुटबॉलवाला. जपानी संशोधक नाइतो आणि हिरोसे यांनी २०१४ मध्ये छापलं होतं, त्याला एमआरआयमध्ये झोपवून नुसता पायाचा घोटा गोल फिरवायला लावला आणि दुसरे प्रोफेशनल फुटबॉलर आणि पोहणारे खेळाडू यांच्याशी तुलना केली. पाय हलवणारा मेंदूचा जो भाग आहे तिथं नेमारची ॲक्टिव्हिटी सगळ्यात छोट्या जागेत होती. एकाच माणसावरचं काम आहे, त्यावरून जगाचा नियम काढायचा नाही, पण दिशा तीच.

पण थांब, लगेच जाऊन मित्राला "कमी चालतो तोच हुशार" असं पण सांगू नको, कारण तेवढं सोपं नाहीये. काम सोपं ते मध्यम असलं तर हा कमी खर्चाचा हिशोब बसतो. काम खरंच अवघड केलं की उलटं पण होतं, म्हणजे कच्चा गडी हात टेकतो आणि त्याचा मेंदू पण थंड पडतो, आणि पक्क्या गड्याचा मेंदू तिथं जास्त चालतो कारण तो अजून लढायलाय. हायर यांच्याच टीमनं २००९ मध्ये परत टेट्रिसच घेऊन शाळकरी मुलींवर तीन महिन्यांचं काम केलं, त्यात मेंदूचा वरचा थर काही ठिकाणी थोडा जाड झालेला दिसला आणि खर्च कमी झालेला दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. जिथं जाड तिथंच काटकसर असं सरळ जुळलं नाही. त्यामुळं "ॲक्टिविटी किती" हा एकच आकडा घेऊन कुणाचं स्किल सांगणं म्हणजे मीटरचं लाइट बिल बघून घरातली बाई स्वयंपाक कसा करते ते सांगण्यासारखं आहे.

आता पट्ट्याचं, हा माझा विषय.

ईईजीत आपण जे पकडतो ते असतं १० ते १०० मायक्रोव्होल्टच्या आसपास. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, ५० मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. एवढा बारीक सिग्नल, तो पण कवटी आणि कातडीच्या बाहेरून ऐकायचा. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाचा ईईजी काढला आणि छापायला १९२९ उजाडलं, मधली पाच वर्षं त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती की हे खरंच मेंदूतून यायलंय का दुसरीकडून कुठून. ती शंका बरोबर होती, आजही आमचं निम्मं काम तेच आहे. मी आधी जिथं होते तिथं अर्थिंग खराब होतं आणि मागच्या गल्लीतली बोअरची मोटर चालू झाली की माझ्या रेकॉर्डिंगवर ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लहरींची, लाइटच्या लाइनची जाड पट्टी, पेशंटचा मेंदू राहिला बाजूला, मी महावितरणचा ईईजी काढायचे. फिल्टर लावून ते घालवता येतं, पण माणसाच्या स्वतःच्या अंगातून येणारी भेसळ घालवणं अवघड. डोळे मिचकावले की समोरच्या तारांवर मोठी लाट येते. दात आवळले की कानाच्या वरच्या तारांवर काळंकुट्ट गवत उगवल्यासारखं दिसतं. कपाळाला आठ्या पडल्या की समोर तेच गवत. आणि हे स्नायूंचं गवत ज्या फ्रिक्वेन्सीत पडतं तिथंच मेंदूची बीटा नावाची लय पण असते, १३ ते ३० हर्ट्झ, जिला हे ॲपवाले फोकस म्हणून विकतात.

आम्ही टेप घेऊन डोकं मोजतो, नाकाच्या वरच्या खळग्यापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, त्याचे १० आणि २० टक्क्यांचे भाग पाडतो, पेननं खुणा करतो, जागा घासून पेस्ट लावून २१ तारा बसवतो आणि तरी शंका असते. तुझ्या पट्ट्याला कपाळावर दोन-चार टिकल्या, पेस्ट नाही काही नाही, आणि पोरगा गेम खेळताना दात आवळून भुवया आखडून बसलेला. सांग आता ते काय मोजेल.

एक सांगते. मागं एकदा रविवारी दवाखाना रिकामा होता, सरांना विचारून मी भाच्याला बसवलं, तो पण बीजीएमआयवालाच, त्याच्या गल्लीत त्याचं नाव आहे म्हणे. तारा लावल्या आणि पंधरा मिनिटं खेळू दिलं. मग तारा काढून मी स्वतःला लावून घेतल्या, त्यालाच सांगितलं कुठं काय लावायचं, आणि मी खेळले. मी म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा, उतरल्या उतरल्या मेले, परत मेले, एकदा तर भिंतीकडं तोंड करून उभी होते आणि मला वाटायलं गेम हँग झाला. दोन्ही रेकॉर्ड शेजारी ठेवले तर भाच्याचा इतका स्वच्छ की अधूनमधून डोळ्यांची हालचाल सोडली तर कुणाला वाटावं पोरगा निवांत बसलाय. माझा रेकॉर्ड बघवत नव्हता. कपाळ, जबडा, मान सगळीकडून गवत. आता तो पट्टा लावला असता तर मला फोकस ९० टक्के दाखवला असता आणि भाच्याला ४०. यातून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, दोन माणसं म्हणजे अभ्यास नव्हे, पण पट्टा विकणाऱ्याला मी हे दोन कागद खुशाल दाखवीन.

खरंखुरं काम पण आहे या बाबतीत, नेमबाजांवरचं. १९८४ मध्ये हॅटफिल्ड आणि त्यांच्या सोबतच्यांनी रायफलवाल्या मुरलेल्या नेमबाजांचा ईईजी काढला. ट्रिगर दाबायच्या आधीच्या काही सेकंदांत डाव्या कानाच्या वरच्या बाजूला अल्फा वाढत जायचा. अल्फा म्हणजे ८ ते १३ हर्ट्झची लय, डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला येते आणि डोळे उघडले की जाते. एखाद्या भागात ती वाढली म्हणजे तो भाग तेवढा वेळ कामातून सुटला असं धरतात. आणि डावी बाजू म्हणजे बोलणं, स्वतःशी पुटपुटणं. म्हणजे नेम धरताना आतली बडबड बंद होते असा अर्थ त्यांनी लावला. तुझ्या मित्राला हे सांग, स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) उघडल्यावर "आता मारू का, मारू का" चालू असेल तर तो अजून कच्चा आहे.

बरं, पण मग स्किल मेंदूत असतं कुठं? बराचसा हिस्सा खोल, स्ट्रायटम म्हणून एक भाग आहे आत, सवय लागणं आणि हालचाली शिकणं यात त्याचा मोठा हात. आणि मागं खाली लहान मेंदू. ईईजी या खोलात जवळपास बहिरा आहे, मंगल कार्यालयाच्या बाहेर उभं राहिलं तर मंगलाष्टकं चालू आहेत का पंगत बसलीय एवढं कळतं, आतल्या खोलीत मामा काय कुजबुजायलेत ते नाही. एमआरआयवर मात्र काम झालंय. २०१० मध्ये एरिकसन आणि मंडळींनी ३९ जणांचा एमआरआय आधीच काढून ठेवला, हे सगळे फारसं न खेळणारे, आणि मग त्यांना स्पेस फोर्ट्रेस नावाचा किचकट गेम शिकवला, तो मुद्दाम संशोधनासाठीच बनवलेला गेम आहे. ज्यांच्या स्ट्रायटमचे काही भाग आधीपासून मोठे, ते लवकर शिकले. सगळ्यांच्या प्रगतीत जो फरक पडला त्यातला साधारण चौथा हिस्सा या आकारावरून सांगता आला. चौथा हिस्सा म्हणजे बराच झाला, पण बाकीच्या पाऊण हिश्शाचं त्या फोटोत काही नव्हतं. आणि हे पण एका गटाचं आहे, एकट्या तुझा एमआरआय काढून कुणी म्हणेल हा प्रो होणार तर तो ज्योतिषी समजावा, आणि एमआरआयची फी ज्योतिषापेक्षा जास्त असते.

स्किल मोजायचंच असेल तर त्याचं मीटर तुझ्या खिशात आहे. कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या लोकांनी स्टारक्राफ्ट २ या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या गेमच्या प्लेयरांच्या रिप्ले फाइल, म्हणजे खेळलेल्या मॅचच्या नोंदी, गोळा केल्या, हजारो, ब्राँझ या खालच्या लेव्हलपासून प्रोपर्यंत. मेंदूला हात पण लावला नाही. स्क्रीन नवीन जागी हलवल्यावर पहिली ॲक्शन करायला किती वेळ लागतो ते मिलिसेकंदात मोजलं. २०१४ मध्ये त्यातूनच निघालं, ३,३०५ प्लेयर, वय १६ ते ४४, की हा बघणं-ते-करणं मधला वेळ वयाच्या २४ पासूनच हळूहळू वाढायला लागतो. तुझं वय २० धरलं तर घाबरू नको, त्याच अभ्यासात मोठ्या वयाचे प्लेयर शॉर्टकट वापरून, सोप्या कमांड घेऊन ती कसर भरून काढताना दिसले. आधीच्या वर्षीच्या त्यांच्याच कामात मला आवडलेली गोष्ट वेगळी होती: खालच्या लेव्हलवर एकाला दुसऱ्यापासून वेगळं करणारी गोष्ट आणि वरच्या लेव्हलवर वेगळं करणारी गोष्ट एक नसते. म्हणजे ज्या गोष्टीवर मेहनत करून तू सिल्व्हरचा गोल्ड झालास तीच पुढं घासत बसलास तर तिथंच अडकशील. तेव्हा पट्ट्याचे पैसे ठेव आणि स्वतःच्या मॅच रेकॉर्ड करून बघ, मेलास त्याच्या आधीच्या पाच सेकंदांत नजर कुठं होती एवढंच लिहून काढ महिनाभर.

गेमनं नजर तेज होते हे मात्र खरं निघालेलं आहे. ग्रीन आणि बाव्हेलिए यांनी २००३ मध्ये न खेळणाऱ्यांना १० दिवस रोज एक तास गोळीबाराचा गेम दिला, दुसऱ्या गटाला टेट्रिस, आणि पसरलेल्या गर्दीतून हवी ती गोष्ट टिपण्यात पहिला गट पुढं गेला. पण घरच्यांना "गेमनं डोकं वाढतं, अभ्यासाला फायदा होतो" असं सांगायला जाऊ नको. २०१० मध्ये ११,४३० लोकांना सहा आठवडे मेंदूचे व्यायाम म्हणून कॉम्प्युटरवरचे खेळ खेळवले होते, जो खेळ खेळले त्यात सुधारले आणि बाकी कशात फरक पडला नाही. कापूस वेचून आईला भरतकाम आलं नाही.

आता झोप, कारण तू प्रश्नात सहज लिहिलंयस की रात्री दोन-तीनपर्यंत खेळतो. २००२ मध्ये वॉकर यांच्या टीमनं लोकांना बोटांचा एक क्रम शिकवला, जसा तू अंगठ्यानं करतोस तसाच म्हण. रात्रभर झोपून उठल्यावर परत बघितलं तर एकदाही प्रॅक्टिस न करता स्पीड साधारण २० टक्क्यांनी वाढलेला. तेवढाच वेळ जागं ठेवलं तर वाढला नाही. त्याच्या दोन वर्षं आधी स्टिकगोल्ड यांनी लोकांना टेट्रिस खेळवून झोप लागताना काय दिसतं ते विचारलं, तर ठोकळे पडताना दिसायचे, आणि त्यात काही पेशंट असे होते की मेंदूला इजा झाल्यानं नवीन आठवण राहतच नव्हती, त्यांना आपण गेम खेळलो हेच आठवत नव्हतं तरी डोळे मिटल्यावर ठोकळे दिसायचे. मेंदू रात्री तुझीच मॅच परत घेतो. तू त्याला तीन वाजेपर्यंत वेळच देत नाहीस, मग सकाळी त्याच चुका परत.

आणि झोपेचं मी दुसऱ्या कारणानं पण बोलते. माझ्याकडं गेमर पोरं स्किल तपासायला येत नाहीत, झटके आले म्हणून येतात. नेहमीची गोष्ट: १५ ते २० वय, परीक्षा नाहीतर गेम म्हणून जागरण, आणि सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसून चहाचा कप उडतो, ब्रश हातातून पडतो. घरचे म्हणतात अशक्तपणा, कुणी म्हणतं बाहेरचं झालं, आणि मग एक दिवस पूर्ण फिट येते. हा मिरगीचा एक ओळखीचा प्रकार आहे, किशोरवयात सुरू होतो, जागरणानं भडकतो, आणि औषधानं चांगला आटोक्यात राहतो. यातल्या काहींना लुकलुकणाऱ्या उजेडाचा पण त्रास असतो, म्हणून आम्ही टेस्टमध्ये डोळ्यांसमोर फ्लॅश मारतो कमी-जास्त स्पीडनं. जपानात १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका एपिसोडमध्ये लाल-निळा उजेड फडफडला तेव्हा ६८५ च्या आसपास लेकरांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. सगळ्या गेमरांना हे होतं असं अजिबात नाही, फार थोड्यांना होतं. पण गेम मिरगी लावतो असं म्हणून पोराला बदडणारे बाप मी बघितलेत, त्यांना पण सांगते, गेमनं आतलं बाहेर काढलं, घातलं नाही.

तर तुझ्यासाठी ईईजीचं एवढंच आहे. प्रो व्हायचं सर्टिफिकेट म्हणून येऊ नको, मी परत पाठवीन. पण सकाळी हात उडत असेल, नाहीतर खेळता खेळता दोन सेकंद कुठंतरी हरवल्यासारखं होऊन मध्येच मॅच पुढं गेलेली दिसत असेल, तर आधी न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांना दाखव, ते लिहून देतील मग माझ्याकडं ये. ते जागून या म्हणाले तर आदल्या रात्री जागायचं, ती एक रात्र माझ्याकडून तुला माफ. आणि डोकं शाम्पूनं धुऊन ये बाबा, आपल्याकडं प्रत्येक आई पोराला दवाखान्यात पाठवताना डोक्याला खोबरेल चोपडूनच पाठवते आणि मग माझी एक पण तार चिकटत नाही.